जनसुनावणी

पर्यावरणाचा कायदा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे कचेरी, परवाना आणि दंड एवढेच येते. असे कायदे आपल्याकडे थोडे नाहीत. पाण्यासाठी १९७४ चा, हवेसाठी १९८१ चा, आणि १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर १९८६ चा व्यापक कायदा. २०२३ च्या दुरुस्तीने या शेवटच्या कायद्यात नियमभंगासाठी तुरुंगवासाऐवजी मुख्यतः दंड आला: १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत. पण हा सारा व्यवहार सरकार आणि कारखानदार यांच्यातला. ज्याच्या पिकावर धूळ बसते, तो तिसरा माणूस यात कोठे आहे?

त्याला जागा मिळाली १९९७ साली, जनसुनावणी सक्तीची झाली तेव्हा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरी देण्यापूर्वी ३० दिवसांची सूचना देऊन लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. गणसंख्येची अट नाही. शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे. अहवालाचा सारांशही स्थानिक भाषेत द्यायचा. कागदावर याहून मोठी लोकशाही ती कोणती?

आमच्या शेजारगावी दगडखाणीची अशी सुनावणी ठरली. सारांश मराठीत होता, तरी तो समजावून सांगायला मला बोलावले. का, ते पहिल्याच पानावर कळले. ‘परिवेशी वायुगुणवत्तेवरील आघात नगण्य राहील.’ मी दोनदा वाचले. एक आजोबा म्हणाले, “पोरी, कांद्यावर धूळ बसणार का न्हाई, तेवढं सांग.”

उत्तर मूळ अहवालात होते. पण तो जाडजूड आणि इंग्रजीत. आम्ही तिघीचौघी दोन रात्री शब्दकोश घेऊन बसलो. वाऱ्याची मोजणी उन्हाळ्यातली निघाली. सुनावणीत आजोबांनी विचारले, “आमचा कांदा थंडीत उभा असतो. तवाचा वारा कुठं मोजलाय?” सभेत शांतता पसरली. प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला. सुनावणीला नकाराधिकार नाही, हे खरे. पण नोंदलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

२०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तोही इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या मसुद्यात ३० दिवसांचे २० करण्याचाही प्रस्ताव होता.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी. भाषांतराचा तास आपल्याला रटाळ वाटतो. पण कायद्याने दिलेल्या त्या ३० दिवसांत जाडजूड अहवाल गावाच्या बोलीत कोणी आणायचा? हे काम आपल्याकडेच येणार आहे, आणि ते आपल्याला जमण्यासारखे आहे.