"गाडीवर कधी बसू?"

मिरजेत फिजिओथेरपी शिकले तेव्हा माझे पेशंट म्हणजे गुडघे धरून येणाऱ्या आजीबाई आणि शेतात पाठ धरलेली माणसं. कोलरेनला नोकरीला आले आणि वर्षभरात मोटरसायकल रेसरची हाडं ओळखायला लागले.

उत्तर आयर्लंडच्या या टोकाला कोलरेन, पोर्टस्टुअर्ट आणि पोर्टरश या तीन गावांना जोडणारे रोजच्या वापराचे रस्ते मे महिन्यात बंद होतात आणि त्यांवर 'नॉर्थ वेस्ट २००' ही रेस होते. १९२९ पासून होते आहे. फेरी साधारण १४ किलोमीटरची, सरळ पट्ट्यावर वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर. बाजूला गवताचे भारे बांधतात, पण त्यांच्यामागे भिंती, खांब, लोकांची फाटकं असतातच. ज्या चौकात एरवी मी दूध घेऊन उभी असते, तिथून ही माणसं जातात.

त्यांतला एकजण डावं मनगट मोडून माझ्याकडे आला. आठवडाभर घरांना गिलावा करायचा आणि शनिवारी रेसला जायचं, असा त्याचा संसार. टायर, इंजिन, बोटीचं भाडं यांचा मेळ बसवण्यासाठी इथल्या अनेक रेसरना असा दुसरा धंदा सांभाळावा लागतो. त्याचं मोडलेलं हाड होतं स्कॅफॉइड, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं. त्याला रक्ताचा पुरवठा तोकडा, त्यामुळे जुळायला महिने लागतात. बाकीचे पेशंट दुखणं कधी थांबेल ते विचारतात. याचा पहिलाच प्रश्न, "गाडीवर कधी बसू?" मी दिलेला रबरी चेंडू त्याला बालिश वाटला असावा. पुढच्या खेपेला त्यानं पिशवीतून चक्क क्लचचा लिव्हर काढला आणि व्यायाम यावरच दे म्हणाला. कल्पना वाईट नव्हती.

रॉबर्ट डनलॉप या रेसरबद्दल मला त्यानंच सांगितलं. १९९४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी रेसमध्ये मागचं चाक तुटलं आणि रॉबर्टच्या उजव्या हातापायाची वाट लागली. मोटरसायकलवर उजव्या हाताला दोन कामं असतात: ॲक्सिलरेटर पिळायचा आणि पुढचा ब्रेक दाबायचा. त्या हाताला आता दोन्ही एकदम जमेनात. मग रॉबर्टनं ब्रेक डाव्या बाजूला घेतला, अंगठ्यानं दाबायचा, आणि १९९८ मध्ये त्याच टीटीत १२५ सीसीची रेस जिंकली. एका अवयवाचं काम दुसऱ्याला शिकवणं हा तर माझा धंदा! पण पेशंटनं चमचा धरावा, वेणी घालावी, एवढीच माझी झेप असते.

त्याच १९९८ मध्ये रॉबर्टचा थोरला भाऊ जोई टँड्रॅगीच्या रेसमध्ये पडला. कॉलरबोन मोडलं, एक बोट अर्धं गेलं. काही आठवड्यांतच त्यानं टीटीतली २५० सीसीची रेस मारली. बॅलिमनी गावात जोईचा पब होता. गाडीत अन्नधान्य भरून तो एकटा रुमानियातल्या अनाथाश्रमांपर्यंत जायचा. २००० च्या टीटीत, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यानं तीन रेस जिंकल्या. टीटीतल्या विजयांचा एकूण आकडा २६ झाला. त्यानंतर महिन्याभरातच, २ जुलैला, एस्टोनियात टॅलिनजवळच्या रेसमध्ये तो गेला. रॉबर्ट २००८ मध्ये इथेच, नॉर्थ वेस्टच्या सरावात, मॅदर्स क्रॉसजवळ गेला. दोन दिवसांनी त्याच्या मुलानं, मायकेलनं, इथली २५० सीसीची रेस जिंकली.

हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग त्या तुझ्या पेशंटला सांग की, बसू नको म्हणून!" सांगितलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पट्टी कुठल्या बाजूनं गुंडाळायची ते विचारलं.

लोक या माणसांना शूर तरी म्हणतात, नाहीतर वेडी. मला दोन्ही पटत नाही. मी पाहते ती माणसं स्वतःच्या शरीराचा हिशेब सावकाराच्या काटेकोरपणे मांडतात: काय उरलंय, कुणाकडून किती काम काढता येईल. वैद्यकीय क्षेत्रातलेही काही त्या हिशेबात ओढले जातात. डॉ. जॉन हाइंड्स अतिदक्षता विभागात काम करायचे आणि रेसच्या वेळी मोटरसायकलवरून रेसरच्या मागोमाग निघायचे, पडलेल्यापर्यंत लवकर पोहोचता यावं म्हणून. २०१५ मध्ये अशाच एका सरावात त्यांचाच अपघाती मृत्यू झाला. उत्तर आयर्लंडला एअर ॲम्ब्युलन्स हवी, हा त्यांचा धोशा होता. ती २०१७ मध्ये सुरू झाली.

मी रेस बघायला मॅदर्स क्रॉसला जात नाही. पोर्टस्टुअर्टच्या यॉर्क कॉर्नरला उभी राहते. तिथे भरधाव आलेल्या गाड्यांना एकदम रांगायला लागतं. ब्रेक लागला की अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. यंदाही बाजूची मंडळी नंबर बघत होती, मी कोपर बघत होते. आमचा गिलावेवाला पहिल्या फेरीला डावा कोपर अंगाशी ओढून आला. पुढच्या फेरीलाही तसाच. म्हणजे मनगट वाचवून भार खांद्यावर घेत होता, आणि मला "आता काही दुखत नाही" म्हणाला होता. सोमवारी सकाळची वेळ त्याला दिलेली आहे. मनगटाचं सोडून आधी खांद्याचंच बघावं लागणार.