मुरगांवचें टोंक आणि उत्तरेकडील ‘हिमाद्रि’

गोव्यास जाणारा आपल्याकडील यात्रेकरू मंगेशी व शांतादुर्गा यांचें दर्शन घेतो, चार वेळां समुद्रांत पाय भिजवितो आणि काजूंची पुडी घेऊन परततो. वास्को शहरापलीकडे, मुरगांव बंदराच्या माथ्यावर जें उंच टोंक समुद्रांत घुसलें आहे, तिकडे जाण्याचें त्यास कारण पडत नाहीं. सडा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या पठारावर भारत सरकारची एक संस्था आहे. तिचें नांव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. ती १९९८ सालीं स्थापन झाली. माडांच्या आणि दमट वाऱ्याच्या मुलखांत राहून तेथील मंडळी पृथ्वीच्या दोन्ही टोंकांवरील बर्फाचा हिशेब ठेवितात. कोल्हापुराहून आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेनें सकाळीं निघालेला मनुष्य दिवस मावळण्यापूर्वीं तेथें पोहोंचतो. म्हणजे ध्रुवप्रदेशाचें दप्तर आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे!

मागील हिवाळ्यांत आप्तांकडील कार्यानिमित्त वास्कोस जाणें झालें, तेव्हां तें टोंक मुद्दाम पाहून आलों. पायाखालीं जांभा दगड, खालीं बंदरांत उभीं असलेलीं जहाजें आणि समोर पसरलेला अरबी समुद्र. ध्रुवप्रदेशाची आठवण व्हावी असें तेथें कांहींच दिसत नाहीं. परंतु याच संस्थेच्या शीतगृहांत, उणे २० अंश उष्णतामानांत, दक्षिण ध्रुवाकडून आणलेल्या बर्फाच्या लांब कांड्या जपून ठेविलेल्या असतात. जुन्या पोथ्या लाल फडक्यांत बांधून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांस ही जपणूक समजावयास अडचण पडली नसती. बर्फाचा एकेक थर हें एकेका काळाचें पान असून, त्यांत अडकलेली धूळ व हवेचे बुडबुडे हीं त्या पानावरील अक्षरें होत.

या संस्थेचें उत्तरेकडील घर म्हणजे ‘हिमाद्रि’. हिम आणि अद्रि या दोन शब्दांचा हा समास आपल्या कवींनीं हिमालयासाठीं योजिला. आतां तो नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार्ड द्वीपसमूहांत एका घराच्या पाटीवर जाऊन बसला आहे. २००७ च्या ऑगस्ट महिन्यांत भारताचे पांच शास्त्रज्ञ प्रथम तिकडे गेले, आणि १ जुलै २००८ रोजीं हिमाद्रीचें उद्घाटन झालें. हें घर ज्या नी-ऑलेसुंड गांवीं आहे, तो जवळजवळ ७९ अक्षांशांवर असून तेथून ध्रुव सुमारें १२०० किलोमीटर उरतो. आपलें कोल्हापूर १७ अक्षांशांच्याही किंचित् खालीं आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे अंतराची कल्पना येईल. त्या बेटांसंबंधीं १९२० सालीं पॅरिस येथें तह झाला. त्या वेळीं आपला देश परतंत्र होता. ब्रिटिश साम्राज्याच्या सहीबरोबर हिंदुस्थानचेंही नांव त्यांत गेलें, आणि त्या तहाच्या जोरावर पुढें स्वतंत्र भारताचे शास्त्रज्ञ तेथें राहूं शकले.

नी-ऑलेसुंड हें मूळचें कोळशाच्या खाणीचें गांव. १९६२ सालच्या भयंकर अपघातांत एकवीस खाणकामगार दगावले आणि खाण कायमची बंद पडली. ज्या गांवानें पृथ्वीच्या पोटांतील कोळसा काढिला, तेथेंच आज कोळशाच्या धुराचा हवेवर होणारा परिणाम मोजला जातो. दैवाची ही योजना विचार करण्यासारखी आहे. १९२६ सालीं आमुंडसेन ज्या विमाननौकेंतून ध्रुवावरून पलीकडे गेला, ती बांधण्याचा लोखंडी मनोरा गांवाबाहेर अद्यापि उभा आहे. हिवाळ्यांत तीसपस्तीस आणि उन्हाळ्यांत शंभरावर माणसें, एवढीच तेथील वस्ती. गांवाची सीमा ओलांडावयाची तर पांढऱ्या अस्वलांच्या भीतीनें बंदूक बरोबर घ्यावी लागते. शास्त्रीय उपकरणांच्या कामांत व्यत्यय येऊं नये म्हणून बिनतारी दळणवळणास तेथें मनाई आहे; त्यामुळें खिशांतील दूरध्वनि मुका होतो. आपल्या घरांतील तरुण मंडळींस ही शिक्षा अस्वलाहून कठीण वाटेल!

तेथें ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाहीं. आणि एप्रिलच्या मध्याच्या सुमारास वर राहिलेला सूर्य ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत मावळत नाहीं. संस्कृताचा परिचय असलेल्या वाचकास हें वाचून मनुस्मृतींतील देवांचा अहोरात्र आठवल्यावांचून राहणार नाहीं. मनुष्याचें एक वर्ष तो देवांचा एक दिवस व एक रात्र, असें तेथें सांगितलें आहे. सूर्यसिद्धांतांत मेरूवरील देवांस अर्धें वर्ष सूर्य दिसतो असें म्हटलें आहे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आर्यांचें मूळ वसतिस्थानच ध्रुवप्रदेशांत होतें असें मत मांडलें. तें मत विद्वानांस मान्य झालें नाहीं. परंतु मराठी घरांत ध्रुवप्रदेशाविषयीं जें कुतूहल जागें झालें, त्याचें पुष्कळसें श्रेय त्या ग्रंथास दिलें पाहिजे. आमच्या प्राचीन ज्योतिर्विदांनीं जें गणितानें जाणलें, तेथें आज आपले लोक प्रत्यक्ष जाऊन राहतात.

तें राहणें कशासाठीं? तर एकच वस्तु, एकाच जागीं, वर्षानुवर्षें मोजण्यासाठीं. गांवाजवळील एका हिमनदीचा जमाखर्च नॉर्वेचे शास्त्रज्ञ १९६७ पासून मांडीत आले आहेत: हिवाळ्यांत पडलेला बर्फ ही जमा, उन्हाळ्यांत वितळलेला बर्फ हा खर्च. वर्षांमागून वर्षें खर्च जमेहून अधिक भरत आहे. ४७४ मीटर उंचीच्या त्सेपेलिन डोंगरावरील वेधशाळेंत हवेंतील कार्बन डायॉक्साइड मोजला जातो. गांवासमोरील खाडींत भारतानें २०१४ सालीं ‘इंडार्क’ नांवाची उपकरणांची माळ नांगरून ठेविली. निरनिराळ्या खोलीवर पाण्याची उष्णता, खारटपणा व प्रवाह यांची नोंद ती घेते. पूर्वीं आपले लोक उन्हाळ्यांतच तेथें जात असत. डिसेंबर २०२३ मध्यें प्रथमच हिवाळी तुकडी गेली, आणि तींत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता.

या नोंदींतून जें निष्पन्न झालें तें चिंता वाटण्याजोगें आहे. १९७९ पासूनच्या काळांत ध्रुवप्रदेश सर्व पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला. समुद्रावरील बर्फाचें क्षेत्र सप्टेंबरांत सर्वांत कमी असतें. २०१२ सालीं तें सुमारें ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खालीं आलें. हिमाद्रीपुढील खाडीही २००६ पासून हिवाळ्यांत पूर्वींसारखी गोठेनाशी झाली. कारण कळण्यास सोपें आहे. ताजा बर्फ सूर्याचा चारपंचमांश प्रकाश परत पाठवितो. बर्फ जाऊन काळें पाणी उघडें पडलें कीं तें नऊदशांशांहून अधिक प्रकाश शोषून घेतें. पाणी तापतें, आणखी बर्फ वितळतो, आणखी पाणी उघडें पडतें. व्याजावर व्याज चढावें तसा हा प्रकार आहे.

आमच्या घरांतील एका शाळकरी मुलानें हें सर्व ऐकून विचारलें, ‘आजोबा, म्हणजे आपल्या पंचगंगेचा पूर तिकडच्या बर्फाचाच ना?’ मीं सांगितलें, ‘नाहीं रे बाळ. तें पाणी आपल्याच घाटमाथ्यावर पडतें. गगनबावडा, राधानगरीकडून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तें घेऊन येतात. शिवाय तिकडचा समुद्रावरचा बर्फ मुळांतच तरंगता आहे. पेल्यांतील बर्फ वितळून पेला भरून वाहत नाहीं. जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रांत आला, म्हणजे मात्र पाणी चढतें.’

तथापि मुलाचा प्रश्न अगदींच वेडगळ नव्हता. रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रावरील बर्फ कमी झाला, म्हणजे उंचावरील हवेच्या प्रवाहांत फरक पडून आपल्याकडे मोसमाच्या अखेरीस अतिवृष्टि होण्यास साहाय्य होत असावें, असा संबंध मुरगांवच्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं दाखविला. परंतु तो संबंध मुख्यत्वें सप्टेंबराचा व मध्य भारताचा आहे. आमचा २०१९ चा महापूर ऑगस्टांत आला आणि २०२१ चा जुलैअखेरीस. त्यांचा बोजा ध्रुवावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तापलेली हवा दर अंशास सुमारें ७ टक्के अधिक वाफ धरूं शकते, हें मात्र खरें. म्हणून पाऊस पडेल तेव्हां एकदम कोसळण्याचा संभव वाढला आहे. नदीच्या पात्राजवळ आम्हीं स्वतः जीं घरें उठविलीं, त्यांचा जाब मात्र कोणत्याही बर्फास विचारतां येत नाहीं.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी. वरील दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, महामार्ग बुडाला, आणि कित्येक कुटुंबांचा संसार माळ्यावर जाऊन बसला. पुढें दिवाळी आली, भिंतींस चुना लागला, आणि पाण्याच्या खुणा त्याखालीं गेल्या. पुसलेल्या खुणेबरोबर भीतीही पुसली जाते, आणि पांच वर्षांनीं त्याच जागीं नवा पाया खणला जातो.

नी-ऑलेसुंड येथील मूठभर माणसें चार महिन्यांच्या अंधारांत एकही दिवस न चुकवितां आंकडा टिपतात, म्हणूनच आज पृथ्वीच्या प्रकृतीविषयीं कांहीं निश्चयानें बोलतां येतें. तें व्रत घरीं आचरण्यास अस्वलांच्या मुलखांत जावयास नको. ज्या घरांत पाणी शिरलें, तेथें त्याची रेघ, साल व तिथि भिंतीवर पक्क्या रंगानें लिहून ठेवावी, आणि चुना लावणाऱ्यास ती टाळून जाण्यास सांगावें. रोजचा पाऊस व बंधाऱ्यावरील पाण्याचे फूट एका वहींत मुलाबाळांकडून मांडून घ्यावेत. जन्मपत्रिका आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतों. नदीचीही एक पत्रिका घरोघरीं असावी. पुढील पिढी घर कोठें बांधावें हें विचारील, तेव्हां तिला दाखविण्यास आपल्याजवळ कांहींतरी लिहिलेलें असलें पाहिजे.