पाणी कुठे भरतं, ते वस्तीला विचारा

पाऊस जात बघून पडत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पाणी जिथे भरतं तिथे कोणाची घरं आहेत, हे कोणी ठरवलं? ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती, त्यांच्या वाट्याला शहरात नाल्याचा काठ आला. त्यालाच आता 'अतिक्रमण' म्हणतात.

मी खराडीत वस्ती पातळीवर काम करते. १९९७ साली हे गाव पुणे महापालिकेत आलं. शेतं गेली, आयटी पार्क आले, जमिनीचे उतार बदलले. मुळा-मुठेकडे जाणाऱ्या पाण्याची वाट अरुंद झाली. पाणी आधी कोणत्या चेंबरमधून वर येतं, कोणत्या भिंतीला अडतं, कोणत्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, हे वस्तीतल्या बायकांना तोंडपाठ आहे. आम्ही ते कागदावर उतरवून एका कार्यालयात नेलं. उत्तर मिळालं, "ऑनलाइन तक्रार करा." म्हणजे सोसायटीचा ईमेल हा नागरिक सहभाग आणि वस्तीचा कागद ही कटकट!

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. २४ जून २०२१ ला, ऐन पावसाळ्यात, याच ओढ्याकाठी दांडेकर पुलाजवळ घरांवर बुलडोझर चालला. न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा तो थांबला. २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. तेव्हा पुण्यात एकही नगरसेवक नव्हता; मार्च २०२२ पासून प्रशासकराज होतं. लोकांनी जाब विचारायचा कोणाला?

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना हाताळली. पुराकडे त्यांनी दैव म्हणून नव्हे, नियोजनाचा प्रश्न म्हणून पाहिलं. आणि नियोजन म्हटलं की ते कोण करतं, हा प्रश्न येतोच. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही, हक्क मागतो.

मागण्या साध्या आहेत. नालेसफाईची निविदा काढण्याआधी वस्तीची यादी घ्या. वस्तीच्या सहीशिवाय कंत्राटदाराचं बिल काढू नका. निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मराठीत वस्तीच्या फलकावर लावा. पुनर्वसन करायचं तर आधी त्याच परिसरात घर द्या, मगच पाडकाम.

आणि थोडं आपल्या लोकांसाठी. पूर आल्यावर खिचडी वाटायला आपण धावतो, ते करायलाच हवं. पण मार्च महिन्यात विहारात बैठक घ्या, पाणी भरणाऱ्या जागा लिहून काढा, अर्ज द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पुढच्या पावसात "आम्हाला कोणी कळवलंच नाही" असं म्हणायची सोय त्यांना ठेवायची नाही.

जयभीम!