खाडीकाठचं जोतं

वाशीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या पुष्कळांना आपण मोठ्या भरतीच्या पातळीखाली राहतो हे ठाऊक नसतं. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर भराव टाकून काढलेली ही जमीन. ऐन पावसात उधाण आलं, तर शहराचं पाणी खाडीत शिरायला वावच राहत नाही. म्हणून सेक्टरांच्या कडेकडेने धारण तलाव खोदून ठेवलेत. तंत्र हॉलंडचं. भरती चढू लागली की खाडीच्या तोंडाशी बसवलेल्या झडपा पाण्याच्याच दाबाने मिटतात, गटारांचं पाणी तलावात साठून राहतं, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते निघून जातं. संध्याकाळी याच तलावांच्या काठाने माणसं फिरायला येतात. कांदळवनाचा, चिखलाचा ओला खारट वास असतो. पावसाळ्यात तो खिडक्यांतून आतल्या खोलीपर्यंत पोचतो. नवी मुंबई मला या वासाने ओळखीची वाटते. रुंद रस्ते, आकड्यांचे सेक्टर, स्टेशनांच्या डोक्यावरची ऑफिसं, हे सगळं कागदावर आखून मग उतरलं. वास तेवढा आधीपासून इथे होता.

आणि हॉलंडचं तंत्र म्हटलं तरी हे काम इथली माणसं फार आधीपासून करत आली आहेत. आगरी शेतकरी खाडीला बांध घालून खारजमीन पिकवत, बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, ठेवत, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून ती राखत. बांध फुटला तर सगळं गाव रात्री चिखलात उतरे, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात गेलाच. त्या बांधांच्या आसऱ्याने भाताची खाचरं होती, मिठागरं होती, दिवाळे-सारसोळ्याच्या कोळ्यांच्या होड्या होत्या. १९६५ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली आणि ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन तिच्या नकाशात आली.

त्या कल्पनेचा गाभा मला आजही मोठा वाटतो. जमीन आधी सार्वजनिक मालकीची करायची. शहर वाढेल तसा तिचा भाव वाढेल, आणि त्या वाढीतून रस्ते, पाणी आणि गरिबांची घरं उभी राहतील. एरवी जो पैसा जमीन दाबून बसलेल्या मूठभरांच्या खिशात जातो, तो शहराच्या कामी यावा. पण ज्यांची जमीन गेली, त्यांना त्या वाढीतला वाटा मिळवण्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर आली. पामबीच रस्त्यावरून गाडीने भरधाव जाताना हे आठवावं असं तिथे काही नाही. मला ते आठवतं.

गरिबांच्या घरांचं काय झालं, हे पाहायचं तर कोपरखैरण्याला जावं आणि एसएस टाईपच्या गल्ल्यांत शिरावं. एसएस म्हणजे साइट अँड सर्व्हिस. १९८५ ते १९९४ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई महानगरात जो नागरी विकास प्रकल्प झाला, त्यातल्या या वसाहती. मुंबईत चारकोप, गोराई, मालवणी इथे. खाडीच्या या बाजूला ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, कळंबोलीत. सरकारने इथे घर बांधून दिलं नाही. आखलेला छोटा तुकडा दिला, रस्ता दिला, नळ, गटार, खांबावरचा दिवा दिला, कुठे संडास आणि जोतं दिलं. त्यावर ज्याचं त्याने, जमेल तेव्हा, जमेल तेवढं बांधायचं.

मसजिद बंदरच्या बाजूचे घाऊक बाजार तुर्भ्याला हलले, तसे पाठीवर पोती वाहणारे माथाडीही खाडी ओलांडून आले. साताऱ्याचे, सांगलीचे, जुन्नर-आंबेगावचे. गिरगाव-मसजिद बंदरच्या बाजूला दहा-बारा जणांच्या गाळ्यात पथारी टाकणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. पहिल्या पावसाळ्यात वर पत्रा आणि आत कोबा. मग बिशी लागली, लादी आली. पतपेढीचं कर्ज उचललं, पत्रा गेला आणि स्लॅब पडला. त्या रविवारी गल्लीतली सगळी माणसं घमेली वाहायला, आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवण. पुढे मुलीचं लग्न निघालं, बांधकाम दोन-चार वर्षं आहे तिथे थांबलं; स्लॅबवर उभ्या सळ्या गंजत राहिल्या. मुलगा नोकरीला लागला तसा वरचा मजला चढला. त्या मजल्यावर भाड्याने आला तो गावाकडून नुकताच उतरलेला कोणीतरी, एखादी नर्स, एखादा डिलिव्हरीचं काम करणारा पोरगा. कोणत्याही योजनेत नाव नसलेल्या माणसाला परवडणारं भाडं इथे मिळालं, आणि ते पुरवलं ते कालपर्यंत स्वतः पथारीवर झोपणाऱ्याने.

या गल्ल्या सुंदर नाहीत. घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो. जिने उभे आणि काळोखे आहेत, म्हातारीला वर चढवायला दोघं लागतात. परवानगीपेक्षा जास्त मजले चढलेत, त्यातले काही पाहून धडकी भरते. आग लागली तर बंब कोणत्या वाटेने येणार, हा प्रश्न मला तिथे गेलं की दर वेळी पडतो. हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो की या शहरात खरोखर परवडलेलं घर हेच. ते परवडलं याचं कारण त्याची मूळ किंमत कमी होती एवढंच नाही. ते थांबू शकत होतं. घरात आजारपण आलं तर वीट थांबे, पगार वाढला तर वीट पुढे सरके. बँकेच्या हप्त्याला असं थांबता येत नाही.

सुरुवातीला या योजनांना तज्ज्ञांनी अपयशी ठरवलं होतं. तुकडे रिकामे पडून होते, घरं अर्धवट होती. वीस वर्षांनी संशोधक मुंबई आणि चेन्नईच्या अशा वसाहतींत पुन्हा गेले, तेव्हा त्यांना भरलेल्या, निरनिराळ्या उत्पन्नांच्या, नीट रस्ते असलेल्या वस्त्या दिसल्या. घर पिकायला एक पिढी जावी लागते आणि आपण त्याचा निकाल पाच वर्षांत लावायला जातो.

कोरियांनी हीच गोष्ट बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली जरा वेगळ्या हाताने केली. १९८३ ते ८६ मधलं आर्टिस्ट व्हिलेज. सहा हेक्टरांत साधारण साडेपाचशे कुटुंबं. आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, अशा तीन अंगणांना मिळून एक मोठं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि बऱ्या स्थितीतला यांच्या जागेत फार अंतर नाही. आणि कोणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीत अडकलेली नाही, का तर ज्याला वाढवायचं त्याला कोणाला न विचारता घर वाढवता यावं. आज तिथली बरीच मूळ कौलारू घरं गेली, त्यांच्या जागी दोन-तीन मजली काँक्रीट आलं. वास्तुकलेचे विद्यार्थी हे पाहून हळहळतात. मला वाईट वाटत नाही. वाढवण्यासाठीच दिलेली घरं वाढली. अंगणं राहिली आहेत, आणि सुट्टीत त्यांत पोरं खेळतात.

वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधली गोष्ट याच्या उलट आहे. जेएन टाईपच्या इमारती सिडकोने पूर्ण बांधून दिल्या. काही वर्षांतच स्लॅबचं प्लास्टर पडू लागलं, आतली सळई फुगून बाहेर आली. खारी हवा आणि कच्चं काम यांचं बिल राहणाऱ्यांनी भरलं. छत कोसळण्याच्या भीतीने पलंगाची जागा बदलून झोपणारी कुटुंबं इथे तीस वर्षं राहिली आहेत. घराला वाढायची सोय नव्हती आणि दुरुस्तीलाही मर्यादा होती, कारण एका घराचा सांगाडा वरच्या-खालच्या सगळ्यांचा. २०१५ साली अशा धोकादायक इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर झाला आणि पुनर्विकासाचा रस्ता उघडला. त्या माणसांना सुरक्षित घर मिळणं हा त्यांचा हक्कच आहे. पुनर्विकासाला मोडता घालणाऱ्या कोणत्याही युक्तिवादाने आधी त्या पडक्या छताखाली एक पावसाळा काढावा.

प्रश्न त्यानंतरचा आहे. सोसायटीच्या सभेत बोलणं होतं ते वाढीव जागा किती, कॉर्पस म्हणजे बिल्डर देणार तो निधी किती, बांधकाम होईपर्यंतचं ट्रान्झिटचं भाडं महिन्याला किती. टॉवर उभा राहिल्यावर दर महिन्याला द्यावं लागणारं मेंटेनन्स किती, हे विचारणारा आवाज मागच्या बाकावरून येतो, बहुधा निवृत्त माणसाचा. तीन मजल्यांच्या इमारतीत जिना, टाकी आणि एक पंप असतो. तीस मजल्यांना लिफ्ट लागतात, आगविरोधी यंत्रणा, जनरेटर, पोडियमचं पार्किंग, सांडपाणी प्रकल्प, पाळ्यांतले सुरक्षारक्षक. यातलं काहीच पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. ज्याचं पेन्शन तुटपुंजं आहे, तो पहिली काही वर्षं कॉर्पसच्या व्याजावर काढतो आणि मग चांगला भाव आला की विकून पनवेलच्या पलीकडे किंवा गावी जातो. त्याला कोणी हाकललं नाही. कागदोपत्री तो फायद्यातच आहे. पण वाशीत मुलांना वाढवलेलं घर, स्टेशन, ओळखीचा डॉक्टर, भाजीवाला हे सगळं सोडून तो गेला, आणि त्याच्या जागी त्याच्यासारखा दुसरा येऊ शकत नाही.

त्याच इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांची तर सभेत नोंदच नसते. पडकं छत असल्यामुळेच तिथलं भाडं त्यांच्या आवाक्यात होतं. इमारत रिकामी झाली की मालकाला ट्रान्झिटचं भाडं सुरू होतं, भाडेकरू सामान टेम्पोत टाकून निघतो. एकाच वेळी अनेक सोसायट्या रिकाम्या झाल्या की आसपासची भाडी चढतात, आणि ती चढलेली भाडी पहिल्यांदा झेपेनाशी होतात ती यालाच.

या टॉवरांचे इतके मजले विकले जातात ते खाडीच्या जोरावर. ज्या पाण्याच्या भीतीने शहराने धारण तलाव खोदले, त्याच पाण्याला आता वरच्या मजल्यांवर भाव आहे. पामबीचच्या जाहिरातींत हिवाळ्यातले रोहित पक्षी असतात. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. नेरूळच्या डीपीएस तलावावर मात्र भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेले. सारसोळ्याच्या कोळ्याला जाळं सुकवायला मोकळी जागा शोधावी लागते. खाडी पाहणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि खाडीवर जगणाऱ्यांची कमी होते आहे. मला हे सहन होत नाही, सरळ सांगतो.

सिडको अजूनही घरं बांधते. २०२४ च्या अखेरीस २६ हजार घरांची योजना आली, लोकांनी उमेदीने अर्ज भरले, आणि किमती जाहीर झाल्या तेव्हा वाशी ट्रक टर्मिनलजवळच्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ७४ लाखांच्या वर निघाली. जे सर्वसामान्य घरासाठी रांगेत उभे होते, त्यांतले अनेक हिशेब करून मागे फिरले. स्टेशनाजवळची जमीन महाग आहे हे खरं. पण ती जमीन महाग व्हावी आणि त्या महागाईतून गरिबाचं घर स्वस्त व्हावं, यासाठीच तर ९५ गावांची शेतं घेतली होती. तो हिशेब आज उलटा लागलेला दिसतो: जमिनीचा चढलेला भाव गरिबाच्या घराच्या किमतीत मिळवला जातो.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. शहर आता उलव्याच्या, पनवेलच्या पलीकडे, नैनाच्या, म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखालच्या अधिसूचित क्षेत्रात सरकत आहे. तिथे २०१३ पासून सिडको विशेष नियोजन प्राधिकरण आहे आणि नगररचना योजनांमधून शेतकऱ्याच्या जमिनीचा चाळीस टक्के भाग त्याला विकसित भूखंड म्हणून परत मिळायचा आहे. शेतकऱ्यांचा विरोध आहे, त्यांचे प्रश्न खरे आहेत, आणि जासई घडून गेलेल्या जिल्ह्यात ते ऐकले गेलेच पाहिजेत. प्राधिकरणाकडे जी जमीन उरेल, तिच्या नकाशात मला टॉवरांच्या रांगांमध्ये एसएस टाईपचे तुकडे हवे आहेत: चाळीस-पन्नास चौरस मीटरचे, बंब आत येईल एवढ्या रुंद रस्त्याचे, पायाच तीन मजल्यांचा घालून दिलेले, म्हणजे पुढे चढणारा मजला चोरून चढवावा लागणार नाही. वर एक खोली भाड्याने देण्याची मुभा लिखित असावी. आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात मेंटेनन्सचा पुढच्या दहा वर्षांचा अंदाज सभासदाच्या हातात सहीच्या आधी पडावा. नैनात अजून पुष्कळ ठिकाणी मोजणीचे खांब आणि भाताची खाचरं आहेत. तिथला भाव वाशीचा झाला, की हे तुकडे आखायला कोणी तयार होणार नाही.