वकिलाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आम्हां मराठी माणसांना बाळकडूबरोबरच पाजलेली असते. बांधाच्या वादापायी तीस-तीस वर्षे भांडणाऱ्या भाऊबंदांसाठी ती कोणी केली असेल, तर करणाऱ्याला माझा दंडवत. पण नाशकात मराठी शिकवता शिकवता या म्हणीने केलेला एक घोटाळा मी पाहत आलो आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलावर बालंट येते, तेव्हाही शहाणी माणसे हीच म्हण घोकतात आणि कोर्टाबरोबर वकिलाचीही पायरी टाळतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचेच पाहा. गंगापूर रोडवर मोटारसायकलींचा धक्का लागल्याचे निमित्त झाले, हाणामारी झाली, आणि फिर्यादीत इतरांबरोबर याचेही नाव गेले. वडील बँकेतले, पापभीरू. त्यांनी आधी एक पुढारी गाठला, मग साडूच्या ओळखीचा निवृत्त हवालदार, मग ज्योतिषी! वकील सुचला तो दहाव्या दिवशी. ‘‘सर, वकील दिला म्हणजे पोराने केलंच असणार, असं लोक म्हणतील ना?’’ हे त्यांचे कारण. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस तोवर देवघरात अंगाऱ्याच्या पुडीखाली! सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अशी नोटीस देतात. ती पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न पाळणाऱ्याला होऊ शकते. वकिलाने मुलाला हजर केले, अटक टळली. पण हा भांडण सोडवत होता हे दाखवणारे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण आठवडाभरातच पुसले गेले होते. खटला अजून चालू आहे.

संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे शब्द आपण एकाच दमात वापरतो. कायदा मात्र त्यांत अंतर ठेवतो, आणि त्या अंतरातच वकील उभा असतो.

हे नाशिककरांना तरी नवे नसावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे विशीही न गाठलेला विद्यार्थी होता. पुढे १९१० साली नाशिक कटाचा खटला उभा राहिला. तीन न्यायाधीशांचे खास न्यायालय. ज्यूरी नाही, अपील नाही. तरीही सावरकरांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टा उभे राहिले. त्या प्रकरणाची आपल्या पोरांच्या हाणामारीशी तुलना नाही. पण परक्या सरकारच्या त्या कोर्टातही आरोपीमागे वकील होता, मग आपल्याच राज्यात आपण कसला संकोच करावा?

राज्यघटनेच्या २२ व्या कलमानुसार अटक झालेल्याला कारण समजलेच पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. पैशांची अडचण असेल, तर १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

आणि ‘पोरांची थट्टा’ म्हणून आपण हसण्यावारी नेतो, ते रॅगिंग? महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय गुन्हा शाबीत झाला की कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. एवढे आयुष्य पणाला लागलेले असताना घराचे खरेदीखत करून देणाऱ्या वकिलावर भागवू नये. फौजदारी करणाराच पाहावा. फी आधी विचारावी, आणि मुलाने आईला सांगितले नसेल तेही त्याला सांगावे.

दिवाळीच्या फराळाला मुले घरी असतील. चकलीबरोबर ही गोष्टही त्यांच्या पानात वाढा; आणि डॉक्टरांच्या नंबराशेजारी एका चांगल्या वकिलाचाही लिहून ठेवा. त्याची गरज न पडो!