ठमीचे पडसे

घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचा एक नाका आहे. एका अंगास येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगास उल्हास नदीची खाडी, आणि मध्ये मेट्रोच्या खांबांखालून अहोरात्र चाललेली मालमोटारींची रांग. अशा त्या वस्तीत आमचे बिऱ्हाड आहे. बिळात आता वाघ उरला नसला, तरी त्याची मावशी आमच्या इमारतीच्या तळघरात नेमाने वीत असते. गेल्या आषाढात तेथे व्यालेली मांजरी मोटारीखाली सापडली, आणि मागे राहिलेली दोन पिले आमच्या कन्येने ओढणीत गुंडाळून वर आणली. बोक्याचे नाव बंडू व भाटीचे ठमी असे त्याच संध्याकाळी मुक्रर झाले.

आमच्या मातोश्रींचा विरोध मांजरास नव्हता. होता तो मांजराच्या आहारास. "दूधभातावर राहणार असतील तर राहू देत," एवढी एकच अट त्यांनी घातली, आणि आम्ही ती कोणताही विचार न करता मान्य केली.

पाच दिवस मोठ्या आनंदात गेले. सहाव्या दिवशी ठमी शिंकू लागली. सातव्या दिवशी नाकातून पाणी आणि डोळ्यांत पू. आठव्या दिवशी ती टोपलीच्या कोपऱ्यात फुगून बसली आणि ताटलीकडे पाहीना. "पोरीला पावसाळी हवा बाधली," असे म्हणून आईंनी तव्यावर ओवा भाजला, त्यात कापराच्या दोन वड्या चुरून पुरचुंडी बांधली व ती टोपलीच्या कडीस लटकविली. लहानपणी आमच्याही उशाशी अशी पुरचुंडी असे. आम्ही पडलो शिकले-सवरलेले, तेव्हा आम्ही याहून मोठा पराक्रम करण्याच्या बेतात होतो. पिलाचे अंग तापलेले पाहून आम्ही पॅरासिटॅमॉलच्या गोळीचा पाव तुकडा मोडून मधात खलीत बसलो होतो. कन्येने हात धरला. "बाबा, आधी डॉक्टरांना विचारू या," ती म्हणाली, आणि दूरध्वनीवरून जे उत्तर आले त्याने आमच्या हातातील वाटी खाली ठेविली गेली ती आजतागायत तशीच डोळ्यांपुढे आहे. हे औषध निकामी करण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. त्याचे रक्त तपकिरी पडते, प्राणवायू वाहून नेईनासे होते. सहाशे ग्रॅमच्या त्या जिवास आमचा पाव तुकडाही पुरेसा झाला असता. आईंची पुरचुंडीही तत्काळ उतरवावयास सांगितली, कारण कापूरही मांजरास विषच. आमच्या घरातील औषधांचा सारा डबा, जो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाने उघडीत आलो, या पिलापुरता बंद ठेवावयाचा होता.

परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ सालचे. त्याचे नाव आम्हांस ठाऊक होते. परंतु श्वास कोंडलेल्या पिलास घेऊन त्या वाहतुकीतून परळ गाठण्याचे धैर्य होईना, म्हणून जवळच्याच पशुवैद्यांकडे गेलो.

त्यांनी सांगितले ते आम्हांस सर्वस्वी नवे होते. हे पडसे पावसाचे नव्हे. मांजरांच्या बहुतेक पडशांच्या मुळाशी दोन विषाणू असतात, एक हर्पिस व दुसरा कॅलिसी. पहिला बहुधा आईपासूनच पिलास मिळतो आणि ज्ञानतंतूंत दडून राहतो. माणसाला ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कोपऱ्यावर फोड उठविणारा विषाणू याच्याच कुळातील. जागा बदलली, आई तुटली, जीव भ्याला, की आठवड्याच्या आत-बाहेर तो डोके वर काढतो. म्हणजे आम्ही ज्यास आश्रय म्हणत होतो, तोच त्या पिलास आलेला ताण! माणसास हा रोग लागत नाही, हे ऐकून आईंच्या जिवात जीव आला. डोळ्यांत घालावयास मलम आणि जंतूंसाठी पातळ औषध मिळाले. मात्र विषाणूवर त्याचा इलाज नाही, त्याची मुदत पिलाने स्वतःच काढावयाची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

"पण ही पडशाने मरणार नाही," ते पुढे म्हणाले, "मेली तर उपासाने मरेल." मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की त्याच्या लेखी ताटलीत अन्नच नसते.

मग आमचा दिनक्रम ठरला. दिवसातून तीनदा न्हाणीघरात कढत पाणी सोडून दार लावावयाचे आणि त्या वाफेत ठमीस मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसावयाचे. कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने नाक पुसावयाचे, प्रत्येक डोळ्यास निराळा बोळा. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज वजन करून वहीत टिपावयाचे. ती वही अजून आहे: ६४०, ६२०, ५९५. दूधभात तर डॉक्टरांनी हसण्यावारीच नेला. गाईचे दूध मांजराच्या पोटास सहसा मानवत नाही. पिचकारीने पातळ अन्न भरविताना ठमी ठसकली, आणि ते फुप्फुसात जाईल या भीतीने सौभाग्यवतींचे हात कापू लागले. उग्र वासाचे काही कोमट करून द्या, मासा उत्तम, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते वाक्य आम्ही दोघांनी घरी येऊन गिळून टाकले होते.

तिसऱ्या रात्री दोन वाजता आई उठून आल्या. ठमीच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांनी वहीतील आकडे चष्मा लावून वाचले. "डॉक्टर अजून काय म्हणाले?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"अरे, मग तीन दिवस काय माझ्या तोंडाकडे पाहत बसलात?"

सकाळी खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडातून बिनमिठाचा उकडलेला बांगडा, काटे काढून, झाकल्या वाटीत वर आला. तो कोमट करण्यास गॅसची शेगडी मिळाली नाही. वाटी गॅलरीत गरम पाण्याच्या भांड्यात ठेविली गेली, आणि आई पदर नाकाला लावून आतल्या खोलीत जपास बसल्या. वाफेचा शेक झालेलाच होता. ठमीने मान वर केली, नाक दोनदा हलविले, आणि नखाएवढा तुकडा चाटला. मग दुसरा. वहीत त्या दिवशी ५९५ च आहे. दुसऱ्या दिवशी ६०५.

बंडूलाही पुढे शिंका आल्या, कारण दोघे एकाच टोपलीत निजत. पण त्याने एका वेळचेही अन्न सोडले नाही, सबब त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दोन आठवड्यांनी दोघे बरे झाले, पुढे लसी टोचून झाल्या. लशीने हा रोग सौम्य होतो, दडलेला विषाणू मात्र जात नाही. त्यामुळे घरी पाहुणे उतरले किंवा दिवाळीचे फटाके वाजले, की ठमीचा डावा डोळा पाझरू लागतो. अशा दिवशी जपाची माळ हाती असतानाच आई आतून विचारतात, "ठमी शिंकते आहे. खाली कुणी जाऊन आले का?"