बरोबरीत सुटलेली एकतर्फी कुस्ती

एखाद्या गाजलेल्या झुंजीत कोण जिंकला हे सांगावयास निकालपत्रक पुरते. परंतु ती झुंज कितपत एकतर्फी होती हे ठरविण्याची पाळी आली म्हणजे त्या निकालपत्रकाचा आधार एकाएकी डळमळू लागतो, आणि ज्याने जन्मात कधी लांग चढवली नाही, आखाड्याची माती अंगाला लावली नाही, की प्रतिपक्ष्याचा श्वास आपल्या मानेवर अनुभवला नाही, असा मनुष्यही अशा वेळी प्रत्यक्ष पंचापेक्षा अधिक ठामपणे फैसला सुनावतो. पाश्चात्त्य देशांत वजनदार मुष्टियोद्ध्यांच्या लढतींविषयी असे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आपल्याकडे ती जागा कुस्तीने व्यापली आहे, आणि कुस्तीतही गामा व झिबिस्को यांच्या लंडनमधील झुंजीवर लोकांनी जेवढे तोंड वाजविले असेल, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या झुंजीवर वाजविले असेल.

आमच्या नंदनवन वस्तीत, जगनाडे चौकातून आत वळल्यावर लागणाऱ्या एका लहानशा बागेत, वैशाखातली उन्हे उतरली आणि घरोघरच्या कूलरमध्ये पाणी भरून झाले, की जी वृद्ध मंडळी बाकांवर येऊन बसतात, त्यांत या वादाचे दोन कायमचे पक्षकार आहेत. एक दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले नाझर. उभा जन्म मिसली, समन्स आणि जप्तीचे हुकूम यांत गेल्यामुळे जे कागदावर नाही ते घडलेच नाही, अशी त्यांची निष्ठा. दुसरे महाल भागातल्या एका जुन्या आखाड्यात पोरांना घडविण्यात आयुष्य वेचलेले वस्ताद. त्यांचे कान केव्हाच कुस्तीत मोडून फुलकोबीसारखे झालेले, आणि त्यांच्या लेखी कागद ही वस्तू फार तर पोहे बांधून देण्याच्या उपयोगाची.

वादाचा विषय म्हणून जी हकीकत आहे, ती थोडक्यात अशी. १९१० साली हिंदी मल्ल गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष विलायतेस गेले. उंची बेताची म्हणून गामाला प्रथम तेथील स्पर्धेत कोणी दारात उभे करीना. तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिले, आणि ऑगस्टमध्ये रोलर नावाच्या अमेरिकन मल्लाला दोन वेळा चीत करून आपला अधिकार सिद्ध केला. मग १० सप्टेंबर रोजी, अडीचशे पौंडांचे इनाम आणि ‘जॉन बुल’ पट्टा यांसाठी, पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को त्याच्यासमोर उभा राहिला. झिबिस्को वजनाने गामापेक्षा बराच भारी आणि युरोपात नावाजलेला. परंतु हात भिडताच, पहिल्या एकदोन मिनिटांच्या आतच, गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर अडीच तासांहून अधिक काळ तो गृहस्थ बहुतेक वेळ गादीवर पालथा पडून राहिला, आणि गामाने नाना प्रकारे खटपट करूनही त्याचे दोन्ही खांदे गादीला लागले नाहीत. अखेर कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. पुन्हा लढतीसाठी १७ सप्टेंबर हा दिवस मुक्रर झाला, त्या दिवशी झिबिस्को फिरकला नाही, आणि पट्टा गामाच्या कमरेला बांधला गेला.

नाझरसाहेबांचे म्हणणे सरळ आहे. “दप्तरी नोंद काय? बरोबरी. पुढल्या तारखेस प्रतिवादी गैरहजर, म्हणून वादीच्या बाजूने हुकूमनामा. दहा तारखेच्या कुस्तीत गामाची सरशी झाली असे कोठेही लिहिलेले नाही. मग ती एकतर्फी कशी?” यावर वस्ताद आधी पिंक टाकण्यासाठी बागेच्या कडेपर्यंत जाऊन येतात, आणि मग सावकाश म्हणतात, “नाझरसाहेब, कागदानं कधी लंगोट बांधला होता काय? अडीच घंटे पालथा पडला होता ना तो! एकदा तरी उठून हात मिळवला का त्यानं? मग काहून बरोबरी म्हणता बाप्पा?”

एका संध्याकाळी हा वाद नेहमीपेक्षा अधिक तापला, तेव्हा वस्तादांनी आपला उजवा पंजा बाकाच्या सिमेंटच्या फळीवर पालथा टेकला, बोटे किंचित फाकवली, कोपर बरगडीशी आवळून धरले आणि म्हणाले, “पलटवा.” नाझरसाहेबांनी प्रथम अंगठ्याखाली बोटे सारण्याचा प्रयत्न केला, मग मनगट धरले, मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी ओढ घेतली, त्यांच्या कपाळावर घाम डवरला, मानेच्या शिरा वर आल्या, परंतु सत्तरी ओलांडलेला तो पंजा तसूभरही सरकला नाही. वस्तादांचा श्वास मात्र पहिल्यासारखाच संथ चालला होता. आपला पक्ष सिद्ध झाला अशा थाटात त्यांनी हात उचलला. पण मला वाटले, या प्रात्यक्षिकाने वस्तादांच्या नकळत साक्ष दिली ती नाझरसाहेबांच्या बाजूने! कारण पालथा पडलेला मल्ल म्हणजे हरलेला मल्ल नव्हे, हीच गोष्ट त्या पंज्याने सांगितली होती.

वस्तुतः झिबिस्को ज्या परंपरेत वाढला त्या ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेखाली धरण्यास मनाई असते. त्यामुळे खाली गेलेल्या मल्लाने अंग जमिनीशी चिकटवून, हात छातीखाली घेऊन, भार सर्वत्र सारखा वाटून पडून राहणे, ही तेथे भ्याडपणाची खूण नसून अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे. आपल्याकडेही खाली बसलेल्या गड्याला कब्जात घेऊन घिस्सा मारावयाचा, तर तो घिस्सा चुकविण्याचे शिक्षण प्रत्येक तालमीत दिले जातेच. तेव्हा गामाच्या हाती त्या दिवशी आक्रमण होते आणि झिबिस्कोच्या हाती केवळ बचाव होता, हे मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक उरतो: जो बचाव अडीच तास अभंग राहिला, त्याला शून्य कसे म्हणावे?

माझ्या मते या गुंत्याचे मूळ असे, की ‘एकतर्फी’ म्हणताना आपण दोन भिन्न प्रश्न एकाच पोत्यात कोंबतो. झुंजीची दिशा कोणाच्या इच्छेने ठरत होती, हा पहिला प्रश्न. आणि हरणाऱ्याला, किंवा हरू पाहणाऱ्याला, निराळ्या शेवटाची वाट कधी खुली होती काय, हा दुसरा. लंडनच्या कुस्तीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय गामा हे आहे. जिंकण्याची वाट झिबिस्कोला एक क्षणभरही खुली नव्हती. परंतु न हरण्याची वाट खुली होती, आणि त्याने ती, प्रेक्षकांचा हुर्यो पत्करून, शेवटपर्यंत चालून दाखविली. विजयाच्या दृष्टीने ती कुस्ती एकतर्फी होती. पराजयाच्या दृष्टीने ती कोणाचीच नव्हती. वस्ताद पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतात, नाझरसाहेब दुसऱ्याचे. आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे वाद मिटण्याचे काही चिन्ह दिसत नाही.

येथे वस्तादांच्या बाजूचे लोक हुकमाचे पान म्हणून १९२८ साल काढतात. त्या वर्षी जानेवारीत पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाखाली, हजारोंच्या समुदायासमोर, हे दोघे पुन्हा भेटले, आणि या खेपेस मातीच्या आखाड्यात गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले. एवढ्या झटपट लागलेल्या निकालाने अठरा वर्षांपूर्वीचाही हिशेब आपोआप चुकता झाला, असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. दुसरी झुंज ही पहिल्या झुंजीची साक्षीदार होऊ शकत नाही. कारण दरम्यान माणसे बदलतात, वये वाढतात, आणि मुख्य म्हणजे गादी जाऊन माती येते. मुष्टियुद्धातील एक उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९३६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने ज्यो लुईसला बाराव्या फेरीत गारद केले. दोनच वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, त्याच लुईसने त्याच श्मेलिंगचा निकाल पहिल्या फेरीत अवघ्या १२४ सेकंदांत लावला. दुसऱ्या लढतीवरून पहिलीचे अनुमान करावयाचे, तर पहिली लढत घडलीच नाही असे म्हणावे लागेल!

आणि ज्या उन्हाळ्यात गामा लंडनमध्ये आव्हान देत हिंडत होता, त्याच उन्हाळ्यात, ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेतील रेनो गावी जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी जगज्जेत्याने जेम्स जेफरीजला पंधराव्या फेरीत लोळविले, तेही याच न्यायाने पाहिले पाहिजे. जॉन्सनचे श्रेष्ठत्व त्या दिवशी वादातीत होते. परंतु जेफरीज हा पाच वर्षे निवृत्त होऊन बसलेला, गौरवर्णीयांच्या आग्रहास्तव पुन्हा हातमोजे चढविलेला मनुष्य होता, ही गोष्ट निकालाच्या ओळीत कोठेही उमटत नाही. समोर आलेला मल्ल कोणत्या अवस्थेत आला, हे निकालपत्रक कधीच सांगत नाही.

हे सारे विवेचन परक्यांच्या बाबतीत आपण सहज मानतो. त्याची खरी कसोटी लागते ती आपल्या माणसाच्या वेळी. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९५२ साली ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला गेले, ते कसे, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे: ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचे घर गहाण टाकले, आणि गावोगावच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी दिली. हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरविले, आणि अखेर कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे पहिले खेळाडू ठरले. परंतु सोव्हिएत संघाच्या मामादबेयोवशी झालेल्या त्यांच्या कुस्तीपुढे आकडा लिहिलेला आहे तो ३-० असा. आणि हा आकडा वाचून नवा वाचक साहजिकच समजतो, की खाशाबांना त्या कुस्तीत काहीच करता आले नाही.

आता या आकड्याचे स्वरूप पाहा. ते तीन गुण नव्हेत. ती तीन पंचांची तीन मते आहेत. मॅटच्या कडेला बसलेल्या तिघांनीही मामादबेयोव सरस, असा कौल दिला, एवढेच त्यावरून कळते. सरस किती, केसभर की हातभर, हे त्यावरून मुळीच कळत नाही. तिन्ही पंचांना तो केसभर सरस वाटला असता तरी आकडा ३-० हाच लागला असता. मुष्टियुद्धातही हीच गत आहे: बारा फेऱ्यांपैकी प्रत्येक फेरी एखाद्याने जेमतेम जिंकली, तरी दहास नऊ या हिशेबाने बेरीज १२०-१०८ अशी होते, आणि ती पाहणाऱ्याला वाटते की दुसऱ्याचा पार धुव्वा उडाला. पंचांचे एकमत आणि मल्लांमधले अंतर यांची गल्लत करणे, हा निकाल वाचणाऱ्यांचा सनातन दोष आहे.

शिवाय जेफरीजच्या बाबतीत लागू केलेला नियम येथेही लागू करावयास हवा. जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटे झुंजून खाशाबा नुकतेच मॅटवरून उतरले होते. दोन कुस्त्यांच्या दरम्यान किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम असता त्यांना लगेच पुन्हा उभे करण्यात आले, आणि तक्रार गुदरण्यास आपल्याकडचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. नाझरसाहेबांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते प्रथमच थोडे अस्वस्थ झाले. ज्याचा वकील हजर नाही अशा पक्षकाराचे काय होते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

परंतु लगेच सावरून त्यांनी जी शंका काढली, ती टाळता येण्याजोगी नाही. “म्हणजे आपला गडी बरोबरीत सुटला की तो जिंकला म्हणावयाचे, आणि आपला गडी हरला की पंचांचा आकडा खोटा म्हणावयाचे, असेच ना?” पारतंत्र्याच्या काळात एका हिंदी मल्लाने गोऱ्यांच्या राजधानीत जाऊन त्यांच्या नामांकित गड्याला अडीच तास खाली दाबून ठेवावे, यात केवळ कुस्तीहून अधिक काही होते, आणि म्हणून त्या कुस्तीकडे आपण कधीच कोऱ्या मनाने पाहिले नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. खाशाबांच्या बाबतीत तर ममत्व त्याहून अधिक आहे. म्हणूनच मोजमापाची फूटपट्टी दोन्ही ठिकाणी एकच ठेवली पाहिजे. त्या फूटपट्टीने मोजता झिबिस्कोच्या चिवटपणाला मान दिला पाहिजे, आणि मामादबेयोव हाही काही दैवाने पुढे सरकलेला ऐरागैरा नव्हता, त्याने रौप्यपदक मिळविले, हेही सांगितले पाहिजे. खाशाबा विश्रांती घेऊन उतरले असते तर जिंकलेच असते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. फक्त, ते एकतर्फी हरले असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही पोहोचत नाही.

तेव्हा वाचकांस माझी विनंती एवढीच, की पुढे केव्हा कोणत्याही झुंजीचा निकाल हाती आला, तर त्यावरून एकतर्फीपणाचा शेरा मारण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी: झुंजीची दिशा कोण ठरवीत होता, आकडा कशाचा आहे, आणि हरलेला मनुष्य कोठून आणि कोणत्या अवस्थेत तेथवर आला होता. या चौकशीअंती माझा स्वतःचा फैसला असा आहे: १९१० ची लंडनची कुस्ती बरोबरीत सुटली असली तरी एकतर्फी होती, आणि १९५२ ची हेलसिंकीची कुस्ती ३-० अशी नोंदली गेली असली तरी तिचा एकतर्फीपणा सिद्ध झालेला नाही.